सशाचा दुखरा पाय नंतर, आधी त्याच्या लेंड्या बघा

ठाण्यातल्या कासारवडवलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा कापूस नावाचा ससा दोन वर्षांचा, साधारण 2 किलोचा. काल संध्याकाळी मुलाने उचलून घेतलं असताना त्याने झटका दिला आणि हॉलच्या टाइल्सवर पडला. ओरडला नाही, रक्त आलं नाही. तेव्हापासून सोफ्यामागच्या कोपऱ्यात बसून आहे आणि उजवा मागचा पाय नीट टेकत नाही. रात्री ठेवलेली पेलेट्सची (सशांच्या तयार खाद्याच्या गोळ्यांची) वाटी सकाळी तशीच होती, कोथिंबिरीच्या दोन काड्या मात्र त्याने खाल्ल्या. आज शनिवार, नेहमीचे डॉक्टर सोमवारी भेटतील. तोवर थांबलं तर चालेल का? शेजारच्या काकू म्हणतात तशी हळद लावून क्रोसिनची अर्धी गोळी द्यावी का?

ताई, सोमवारपर्यंत थांबू नका. आज दुपारच्या आत, सशांना तपासण्याची सवय असलेल्या डॉक्टरांना दाखवा. क्रोसिन अजिबात नको, हळदही नको. एवढं वाचून निघालात तरी चालेल, बाकीचं वाटेत वाचा.

ही घाई मी पायासाठी करत नाहीये. हाड आतल्या आत मोडलं असेल आणि बाहेर जखम नसेल, तर एका दिवसात त्याने जीव जात नाही. पडलेला ससा बऱ्याचदा दगावतो तो पोट बंद पडल्यामुळे. सशाची आतडी सतत चालती राहावी लागतात. तो दिवसभर आणि रात्रभर थोडं थोडं गवत खातो, 200 ते 300 लेंड्या टाकतो, आणि त्या चालत्या आतड्यांतच त्याचे उपयोगी जिवाणू जगतात. दुखायला लागलं की ससा खाणं थांबवतो. खाणं थांबलं की आतडी मंदावतात, आत गॅस धरतो, पोट दुखतं, आणि पोट दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत अडकलेलं बाहेर यायला वरचा रस्ताच नाही. दहा-बारा तास सशाने नीट खाल्लं नाही, की आम्ही सशांचे डॉक्टर ती तातडीची केस धरतो, मग कारण पाय असो, दात असो की भीती. कापसाने काल संध्याकाळपासून धड खाल्लेलं नाही. म्हणजे तुमचं घड्याळ कालपासूनच सुरू झालं आहे.

"ओरडला नाही" हे वाक्य मला जवळपास प्रत्येक पालक सांगतात, आणि सांगताना त्यांना थोडं हायसं वाटलेलं असतं. कुत्रा केकाटतो, मांजर फिस्कारतं. ससा हे दुसऱ्याचं भक्ष्य असलेलं जनावर. उघड्यावर जो दुखणं दाखवतो तोच आधी उचलला जातो, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. ससा किंचाळतो तो जीव जाण्याच्या भीतीने किंवा अगदी असह्य वेदनेने, आणि ते फार क्वचित. नडगीचं हाड मोडलेला ससा तपासणीच्या टेबलावर शांत बसून नाक हलवत असतो. त्याचं गप्प बसणं हीच तक्रार समजायची.

मग दुखतंय हे ओळखायचं कसं? त्याला उचलू नका. दिवा बेताचा ठेवा, टीव्ही बंद करा आणि दोन-तीन हात लांब जमिनीवर बसा. दहा मिनिटं काही बोलू नका, फक्त बघा. तुम्ही समोर येताच ससा सावध होतो आणि चेहरा सावरतो, म्हणून पहिली काही मिनिटं फसवी असतात. जमलं तर मोबाइल लांब टेकवून व्हिडिओ लावा आणि खोलीबाहेर जा. कोणी नसताना तो कसा बसतो, कसा चालतो, ते त्या व्हिडिओत दिसतं, आणि दवाखान्यात तो भीतीने थिजून बसलेला असताना डॉक्टरांना त्या व्हिडिओचा फार उपयोग होतो.

चेहऱ्यावर पाच गोष्टी बघायच्या असतात. सशांच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पद्धत संशोधकांनी 2012 साली प्रसिद्ध केली, ती याच पाच गोष्टींवर उभी आहे. डोळे अर्धवट मिटलेले आहेत का? एरवी गुबगुबीत दिसणारे गाल चपटे होऊन तोंड टोकदार झालंय का? नाकपुड्यांचा नेहमीचा गोलसर आकार जाऊन त्या खाली ओढल्यासारख्या दिसतात का? मिशा सैल न राहता ताठ होऊन मागे खेचल्या गेल्यात का? कान एकमेकांना चिकटून, घट्ट गुंडाळल्यासारखे पाठीवर पडलेत का? झोपाळलेल्या सशातही यातलं एखादं दिसतं. पण दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या आणि ससा पाठ कमानीसारखी करून, पोट जमिनीवरून उचलून बसला असेल, तर त्याला दुखतंय. दातांचा आवाजही ऐका. लाडात आलेला ससा डोक्यावरून हात फिरवताना हलकेच दात घासतो, हात ठेवला तर तेवढीच थरथर जाणवते. वेदनेतलं दात खाणं मोठं, थांबून थांबून येणारं आणि लांबूनही ऐकू येणारं असतं.

आता लेंड्या. सोफ्यामागची जागा झाडा आणि सापडतील त्या सगळ्या लेंड्या पांढऱ्या कागदावर घ्या. एक लेंडी बोटांनी मोडून बघा. चांगली लेंडी गोल, सेंटिमीटरभर किंवा थोडी लहान, कोरडी, आणि आत गवताचे तंतू दिसणारी असते. आकार लहान झालेला, वेडावाकडा किंवा काळपट टणक असेल, तर आतडी मंदावली आहेत. केसांनी एकमेकींना जोडलेली माळ दिसली, तर तो गवत कमी खातोय आणि अंगावरचे केस जास्त गिळतोय. कालपासून एकही नवी लेंडी नसेल, तर ताबडतोब निघा. निघताना त्या लेंड्या कागदाच्या पुडीत बांधून बरोबर घ्या. पालकांना संकोच वाटतो, पण मला पायाच्या वर्णनापेक्षा त्या पुडीतून जास्त कळतं.

कोथिंबीर खाल्ली म्हणून निर्धास्त होऊ नका. दुखत असतानाही ससा आवडीची काडी ओढून खातो. तो गवत खातोय का, हा खरा प्रश्न.

काही खुणा दिसल्या तर वाट बघणं संपलं, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. ससा तोंड उघडून श्वास घेतोय. (निरोगी ससा फक्त नाकाने श्वास घेतो.) हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर आहेत. कान बर्फासारखे गार पडलेत आणि अंग सैल झालंय. पोट फुगून टणक लागतंय. दोन्ही मागचे पाय ओढत चालतोय. हाड कातडीबाहेर दिसतंय. दाबूनही रक्त थांबत नाही. 2 किलोच्या सशाच्या अंगात साधारण 110 ते 130 मिलिलिटर रक्त असतं, म्हणजे टपरीवरच्या दोन कटिंगइतकं. आपल्याला चार-पाच चमचे वाटणारं रक्त त्याच्यासाठी फार मोठं असतं.

पडलेल्या सशात मला पायाआधी पाठ बघायची असते. सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या जेमतेम सात-आठ टक्के असतो, पण मागच्या पायांचे स्नायू प्रचंड ताकदीचे. हातातून सुटायला त्याने जोरात लाथ झाडली आणि त्याच वेळी मागचा भाग कोणी धरलेला नसला, तर ती ताकद त्याच्याच कंबरेवर येते आणि कंबरेचा शेवटचा मणका मोडू शकतो. जमिनीवर आपटावंच लागतं असं नाही, हवेतल्या हवेत हे घडतं. म्हणून तुमच्या मुलाला शांतपणे विचारा: त्याने कसं धरलं होतं, ससा किती उंचीवरून पडला, कुठल्या कुशीवर पडला, पडल्यावर लगेच पळाला की काही वेळ तसाच राहिला? त्याला आधी रागावलात तर तो घाबरून अर्धी गोष्ट लपवेल, आणि आम्हाला ती गोष्ट पूर्ण हवी असते.

कापूस एकच पाय उचलतोय आणि स्वतःहून कोपऱ्यापर्यंत गेला, हे त्यातल्या त्यात चांगलं चिन्ह आहे. नख उपटलेलं असू शकतं, घोटा मुरगळलेला असू शकतो, खुबा निखळलेला किंवा नडगी मोडलेली असू शकते. पण पाठीची सूज पहिल्या एक-दोन दिवसांत वाढू शकते. सकाळी चालणारा ससा संध्याकाळी पाय ओढू लागला, हे घडतं. दोन्ही पाय लुळे पडलेत, नकळत लघवी होऊन मागचा भाग ओला राहतोय, असं दिसलं तर पाठ गृहीत धरा. पायाला चिमटे काढून संवेदना तपासू नका. पाय ओढून, वाकवून "कुठे दुखतं ते बघू" हेही नको. तेवढ्यात तो पुन्हा लाथ झाडेल, आणि तडा गेलेल्या हाडाचे तुकडे होतील. सशाची हाडं पातळ आणि ठिसूळ असतात, ती चिरा पडून फुटतात. आइस्क्रीमची काडी आणि चिकटपट्टी लावून पाय बांधण्याचा घरगुती उपाय याच कारणासाठी वाईट: हाड सरळ होत नाही, रक्तपुरवठा तुटतो, आणि ससा ती पट्टी कुरतडून गिळतो.

आता हलवायचं कसं. मोठा टॉवेल हळूच अंगावर टाका, डोळे झाकले की तो शांत होतो. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, मागचे पाय पोटाकडे दुमडलेले, आणि ससा तुमच्या छातीला टेकलेला. उठण्याआधी हे जमिनीवर बसूनच नीट जमवा. कानाला धरून उचलणं हा क्रूरपणा आहे, आणि मानेची कातडी धरून लोंबकळवणंही तितकंच वाईट. पाठीचा संशय असेल तर हाताने उचलूच नका. स्वयंपाकघरातला मोठा ट्रे, भाजी कापायचा मोठा बोर्ड किंवा जाड पुठ्ठा त्याच्याखाली सरकवा आणि आडवा ठेवून टॉवेलने सैलसर लपेटा. उताणा मात्र करू नका. उताणा केल्यावर ससा निपचित पडतो, ते बघून त्याला आराम वाटतोय असं लोक समजतात. ती भीतीने आलेली निश्चलता असते, आणि आधीच घाबरलेल्या सशावर तो आणखी एक घाव.

कॅरिअर नसेल तर झाकण असलेला प्लॅस्टिकचा मोठा क्रेट किंवा भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका चालतो. तळाशी घडी घातलेला टॉवेल ठेवा, वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरतो. मूठभर गवत आत टाका. दुसरा ससा असेल आणि दोघांचं जमत असेल, तर त्यालाही बरोबर न्या. सोबती जवळ असला की घाबरलेला ससा लवकर खायला लागतो. घोडबंदर रोडवर कापूरबावडी-माजिवड्याची गर्दी तुम्हाला सांगायला नकोच. एप्रिल-मेच्या दुपारी बंद खोका घेऊन रिक्षात पाऊण तास अडकणं सशासाठी स्वतंत्र धोका आहे. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून टाकतो, आणि तिशीच्या वरचं तापमान त्याला जड जातं. एसीची गाडी करा, किंवा गार पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा. उलट कान गार पडलेले असतील तर तीच बाटली कोमट पाण्याची करा. दोन्ही वेळा त्याला बाजूला सरकता येईल एवढी जागा राहू द्या.

निघण्याआधी फोन करा, कारण सगळे दवाखाने ससे बघत नाहीत. ठाणे, मुलुंड, ऐरोली, वाशी, नेरुळ या पट्ट्यात कुत्र्या-मांजरांचे चांगले डॉक्टर पुष्कळ आहेत, पण सशाचं शरीर आणि सशाची औषधं वेगळी. फोनवर सरळ विचारा: ससे नियमित बघता का, आज एक्स-रे निघेल का, गरज पडल्यास सशाला भूल देता का? तिन्हींपैकी एकालाही उत्तर अडखळत आलं, तर "मग कोणाकडे जाऊ" हे त्यांनाच विचारा. बहुतेक डॉक्टर मनापासून नाव सुचवतात. जवळपास कोणीच मिळालं नाही, तर ईस्टर्न एक्सप्रेस हायवेने थेट परळ गाठता येतं. तिथे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे जनावरांचं जुनं रुग्णालय आहे. तिथेही आधी फोन करून, सशांचे डॉक्टर त्या वेळी आहेत का ते विचारून मगच निघा.

औषधांबद्दल मला जरा ठासून सांगायचं आहे, कारण पडण्यातून वाचलेले ससे घरच्या औषधांनी गेलेले मी बघितले आहेत. क्रोसिनच्या 500 मिलिग्रॅमच्या गोळीचा अर्धा भाग म्हणजे 250 मिलिग्रॅम. 2 किलोच्या सशाला ते किलोमागे 125 मिलिग्रॅम झालं. त्याच हिशेबाने 60 किलोच्या माणसाला एका वेळी 15 गोळ्या गिळाव्या लागतील. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक पोटात व्रण करतात, मूत्रपिंडं बिघडवतात. घरात कुत्र्याचं मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक उरलं आहे म्हणून तेही देऊ नका. सशांना आम्ही मेलॉक्सिकॅमच बऱ्याचदा देतो, पण सशाचा डोस वेगळा असतो, आणि अंगात पाणी कमी पडलेल्या सशाला ते सलाइनआधी दिलं तर मूत्रपिंडांवर ताण येतो.

अँटिबायोटिक तर त्याहून धोक्याचं. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधं सशाला तोंडाने दिली, तर आतड्यातले चांगले जिवाणू मरतात, विषारी जिवाणू माजतात आणि काही दिवसांत जुलाब होऊन ससा जातो. मेडिकलवाल्याला हे माहीत असेलच असं नाही. माणसांच्या डॉक्टरांनी ओळखीपोटी लिहून दिलं तरी सशाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. कुत्र्याच्या गोचिडांवर मारतात त्या फिप्रोनिलच्या स्प्रेचंही तसंच. तो सशाच्या मज्जासंस्थेवर जातो आणि झटके येतात.

आणि हळद: तुमच्या प्रश्नात जखम दिसतच नाही, मग ती लावायची कुठे? जखम असली तरी पूड केसांत गोळा होते, ससा ती चाटतो, आणि आम्हाला जखमेच्या कडा दिसत नाहीत. उघडी जखम धुवायची असेल तर मेडिकलमधून नॉर्मल सलाइनची बाटली आणा. नाहीतर पाव लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ घाला आणि त्याने धुवा. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतलं काही नको. जखमेभोवतीचे केस कात्रीने कापायला जाऊ नका, सशाची कातडी कागदासारखी पातळ असते आणि केसांबरोबर तीही कापली जाते. रक्त येत असेल तर स्वच्छ सुती रुमालाने पाच मिनिटं सलग दाबून धरा, मध्येच उचलून बघू नका. तुटलेल्या नखातून रक्त येत असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर लावून दाबा, बहुतेक वेळा थांबतं.

मांजराने धरलेल्या सशाची गोष्ट इथेच सांगते, कारण आपल्याकडे तळमजल्याच्या आणि पहिल्या मजल्याच्या घरांत ते वारंवार होतं. मांजर खिडकीतून येतं, झटापट होते, ससा सुटतो, आणि अंगावर काही दिसत नाही. केस फुंकर मारून बाजूला करत मान, पाठ आणि मांड्या बघा. सुईने टोचल्यासारखं बारीक भोक आणि भोवती ओले चिकटलेले केस असतात. मांजराच्या दातांतून आत गेलेले जंतू दोन दिवसांत त्वचेखाली पसरतात. सशाचा पू घट्ट, लोण्यासारखा असतो, तो वाहून जात नाही, म्हणून गळू झालं तर बऱ्याचदा शस्त्रक्रियेने काढावं लागतं. भोक कितीही लहान असलं तरी त्याच दिवशी डॉक्टर. भटक्या कुत्र्याने चावा घेतला असेल तर तेही स्पष्ट सांगा, म्हणजे रेबीजचा विचार करता येतो, सशासाठी आणि त्याला हाताळणाऱ्या तुमच्यासाठीही.

खायला घालण्याबद्दल. पोट मऊ असेल, ससा शुद्धीवर असेल आणि गिळत असेल, तर निघण्याआधी ताजं गवत, दुर्वा, कोथिंबीर, मेथीच्या काड्या नाकासमोर धरा. स्वतःहून खाल्लं तर उत्तम. नाही खाल्लं आणि दवाखाना लांब असेल, तर पेलेट्स कोमट पाण्यात भिजवून पातळ लापशी करा. सुई काढलेल्या सिरिंजने पुढच्या दातांमागे जी मोकळी फट असते तिथून, बाजूने, एका वेळी अर्धा ते एक मिलिलिटर द्या आणि त्याने चावून गिळेपर्यंत थांबा. ससा चार पायांवर बसलेला असावा, मान वर केलेली नसावी. दूध, ब्रेड, बिस्किट, साखरपाणी हे काहीही नको. पोट टणक किंवा फुगलेलं वाटलं, अंग गार असलं, किंवा तो मलूल पडला असला, तर सिरिंजला हात लावू नका. अडथळा असेल तर भरवलेलं घातक ठरतं.

दवाखान्यात डॉक्टर आधी कदाचित पायाकडे बघणारही नाहीत. ऊब, वेदनाशामक, कातडीखाली सलाइन, आणि ससा जरा सावरल्यावर एक्स-रे, बहुतेक वेळा हलकी भूल देऊन आणि दोन बाजूंनी. हा क्रम बरोबर आहे. घाबरलेल्या सशाला आल्या आल्या दाबून धरून एक्स-रे काढणं मला पटत नाही, त्यात हृदय बंद पडून गेलेले ससेही आहेत. शस्त्रक्रिया ठरली आणि कोणी "रात्रीपासून उपाशी ठेवा" म्हणालं, तर थांबून पुन्हा विचारा. कुत्र्या-मांजरांना उपाशी ठेवतात ते उलटी फुफ्फुसात जाऊ नये म्हणून. सशाला उलटी होतच नाही, त्याला रात्रभर उपाशी ठेवण्यात फक्त तोटा आहे.

एका गोष्टीने मात्र उगाच धसका घेऊ नका. पडल्यानंतर पालक लघवीकडे पहिल्यांदाच बारकाईने बघतात आणि टाइलवर केशरी-लाल डाग बघून आत रक्तस्राव झाला समजतात. सशाची लघवी पिवळीपासून विटकरी लालपर्यंत कुठल्याही रंगाची असू शकते, भाज्यांतल्या रंगद्रव्यांमुळे ती रंग बदलते. सगळी लघवी एकसारखी लाल असेल तर बहुधा ते रंगद्रव्य. फिकट लघवीत लाल रेघा किंवा गुठळ्या असतील तर ते रक्त. शंका वाटली तर सिरिंजमध्ये नमुना घेऊन जा, दवाखान्यात कागदी पट्टीवर मिनिटभरात कळतं. तसंच, मान एका बाजूला कलली असेल तर ती पडल्यामुळेच असं धरून चालू नका. कानाचा संसर्ग किंवा मेंदूतला परजीवी हीही कारणं असतात, आणि मग पडणं हा परिणाम असतो.

घरी आल्यावरचे दिवस कंटाळवाणे आणि महत्त्वाचे. हाड मोडलं असेल तर साधारण सहा आठवडे लहान जागेत ठेवावं लागतं: उडी मारता येणार नाही पण अंग फिरवता येईल एवढी जागा, खाली जाड चादर, गवत आणि पाणी तोंडाशी. जाळीच्या तळाचा पिंजरा असेल तर तो आजच बाद करा. जाळीत नखं अडकून तुटतात आणि तळव्यांना जखमा होतात. वेदनाशामक ठरवलेले सगळे दिवस द्या, "आता बरा दिसतोय" म्हणून मध्येच बंद करू नका, तो बरा दिसतोय तो त्या औषधामुळे. गळ्यात घालायची प्लॅस्टिकची कॉलर शक्यतो टाळायला सांगा. ससा पहाटेच्या मऊ लेंड्या स्वतःच्या मागच्या भागातून थेट तोंडाने घेऊन खातो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात, आणि कॉलरमुळे ते बंद होतं. एका वहीत रोज सकाळ-संध्याकाळ लिहा: गवत खाल्लं का, लेंड्या साधारण किती, वजन किती. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर टोपली ठेवून वजन करता येतं.

पावसाळा असेल तर आणखी एक काम. पाय दुखतोय म्हणून ससा मागचा भाग साफ करू शकत नाही, तिथे लघवी आणि मऊ लेंड्या चिकटतात, आणि माश्या अंडी घालतात. ठाण्याच्या दमट हवेत एका दिवसात अळ्या होतात आणि त्या जिवंत कातडी खातात. जून ते सप्टेंबर, दिवसातून दोनदा शेपटीखाली बघा. ओलं असेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाने पुसून पूर्ण कोरडं करा. एक जरी अळी दिसली तरी तातडीने दवाखाना. गाईगुरांच्या जखमेत ओततात ते टर्पेंटाइन किंवा फिनाइल सशाच्या जवळही आणू नका.

कापूस बरा झाल्यावर पुन्हा हॉलमध्ये सोडाल तेव्हा त्या गुळगुळीत टाइल्सवर सतरंजी किंवा योगा मॅट अंथरा. सशाच्या तळव्यांना गादी नसते, फक्त केस असतात, त्यामुळे अशा फरशीवर त्याचे पाय फाकतात आणि घाबरून पळताना मुरगळतात. नखं महिना-दीड महिन्याने कापून घ्या. दिवाळीत फटाके सुरू व्हायच्या आधी त्याला आतल्या खोलीत, लपायला खोका देऊन ठेवा. आणि मुलाला सांगा की कापसाला भेटायचं ते जमिनीवर मांडी घालून, ससा स्वतःहून मांडीवर येईल तेव्हा. उचलायचं काम मोठ्यांचं, आणि तेही गरज असेल तेव्हाच. आत्ता मात्र टॉवेल, खोका, लेंड्यांची पुडी आणि व्हिडिओ घ्या, आणि निघा.